एका सुताचा फरक

परवा संध्याकाळी आमच्या नव्या पट्ट्याच्या करवतीच्या, म्हणजे ओंडक्यांच्या फळ्या पाडायच्या यंत्राच्या, रुळावर दोरी ताणली आणि मधल्या जोडापाशी ठोकळा दोरीला टेकेचना. तपासणी अगदी साधी आहे, सहा मीटरच्या रुळाच्या दोन टोकांना एकाच फळीतून कापलेले दोन सारखे ठोकळे ठेवायचे, त्यांच्यावरून दोरी ताणायची, इतकी की बोटाने छेडली तर तारेसारखी वाजली पाहिजे, आणि मग त्याच मापाचा तिसरा ठोकळा रुळावरून सरकवत न्यायचा. ठोकळा दोरीला जेमतेम घासत गेला तर रूळ सरळ, दोरी उचलली गेली तर तिथे रूळ वर आलाय, फट दिसली तर खाली बसलाय. मी गुडघ्यांवर रांगत चालले होते, ऊन आडवं पडलेलं, आणि मधल्या जोडावर ठोकळा नि दोरी यांच्यामधून उन्हाची एक बारीक तिरीप पलीकडे गेली. मोजपट्टी लावली. तीन मिलिमीटर. भाऊ इंजिनापाशी बसला होता, त्याने तेल भरून, डिपस्टिक दोनदा पुसून, सगळं तयार ठेवलं होतं. तो तिथूनच म्हणाला, "ताई, एक सूतच आहे ना? लाकडात एक सूत कोण बघतं? चल, चालू करू."

मी चालू करू दिलं नाही.

तो काही बोलला नाही, हात पुसले आणि आत निघून गेला, आणि मला ते लागलं. कारण त्याचं तसं चुकलेलं नव्हतंच. आठ दिवस आम्ही दोघं मिळून हे यंत्र जोडत होतो. खोकी उघडली तेव्हा सगळीकडे ग्रीसचा वास, रुळाचे चार तुकडे, त्यांच्यामधले आडवे बार, पाय, दोन मोठी चाकं, रोलर, आणि नट-बोल्टांच्या पिशव्या. इंजिन कोरडं येतं, आत तेलाचा थेंब नसतो, आधी तेल भरा मगच दोरी ओढा असा मोठा लाल कागद त्यावर बांधलेला होता, तो भावाने मला तीनदा वाचून दाखवला. दिवसा जोडणी आणि रात्री व्हिडिओ बघणं, असं चाललं होतं. एवढं झाल्यावर माणसाला पहिला काप बघायचा असणारच. मलाही होताच. माझ्या तर हाताच्या बोटांत तो काप येऊन बसला होता, हेड, म्हणजे इंजिन आणि ब्लेड बसवलेला रुळावरचा गाडा, ढकलताना कसं वाटेल, भुसा कसा उडेल, पहिली फळी उचलल्यावर खालचं लाकूड कसं दिसेल. आणि वर तो ओंडका वाट बघत पडलेला.

त्या ओंडक्याबद्दल सांगायला हवं. वादळात पडलेल्या शिरीषाचा तो बुंधा आहे, तीन मीटर लांब, बुंध्याकडे ६० सेंटिमीटर आणि शेंड्याकडे ५२. ओलं लाकूड घनमीटरला टनाच्या आसपास धरलं तर हा ७०० किलोचा ऐवज झाला. शिरीषाचं बाहेरचं लाकूड फिकट पांढरट असतं आणि आतला गाभा गडद तपकिरी, दोघांमधली हद्द अगदी ठळक, कोणीतरी पेन्सिलने आखल्यासारखी. साखळी-करवतीने टोक कापलं त्या दिवशी ती हद्द मी किती वेळ बघत उभी होते. आणि शिंकत होते, कारण शिरीषाचा भुसा नाकाला झोंबतो, ज्यांनी कधी हे लाकूड कापलंय त्यांना ते सांगायला नको. टोकांना आम्ही त्याच दिवशी रंगाचे दोन जाड हात दिले. लाकडातलं पाणी बाजूंपेक्षा टोकांमधून कितीतरी पटीने लवकर निघून जातं, टोक आधी सुकतं, आक्रसतं, आतलं अजून ओलंच असतं, मग टोकाला भेगा पडतात. रंग दिला तरी एका टोकाला गाभ्यापासून निघालेली केसाएवढी एक चीर आहेच. मी रोज सकाळी जाऊन तिथे नख लावून बघते. भाऊही बघतो, मला न सांगता. म्हणून तो म्हणत होता, चालू करू.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमच्या घरात मिलिमीटर फार उशिरा आले, बाबा शेवटपर्यंत सुतातच बोलायचे. "दोन सूत घे अजून." "सूतभर मार खाल्लाय बघ इथे." ते सुतार होते, आणि सुतार हा शब्दच सूत्रधार या शब्दावरून आलाय, म्हणजे दोरी धरणारा. हे मला पुष्कळ उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा बाबा डोळ्यांसमोर आले ते करवतीसकट नाही, रंध्यासकट नाही, तर ओंडक्याच्या टोकाशी उकिडवे बसलेले, काव लावलेली दोरी अंगठ्याखाली दाबून धरलेले, असेच आले. दुसरं टोक कधी कधी मला धरायला द्यायचे. दोरी मधे चिमटीत पकडून सरळ वर उचलायची आणि सोडायची, टप्प असा आवाज यायचा, लाकडावर लाल रेघ उमटायची आणि काव थोडी हवेत उडायची. उचलताना जरा जरी तिरकी उचलली तर रेघ वाकडी पडते, म्हणून ते दोरी उचलण्याआधी श्वास धरायचे. मीही धरायचे. आमचे बोलायचे विषय फार नव्हते, पण दोरीच्या दोन टोकांना बसून आम्ही बरंच काही बोलल्यासारखं वाटायचं.

तेव्हा मोठा ओंडका उंच घोड्यांवर चढवून दोघं कापायचे, एक वर उभा, एक खाली. वरचा रेघेवर नजर ठेवणार, खालचा ओढणार. वरून पडणारा सगळा भुसा खालच्याच्या अंगावर, डोक्याला फडकं गुंडाळलेलं, पापण्यांवर पिवळा थर. मी लहान होते, मला तो माणूस झाडातून उगवल्यासारखा वाटायचा. आज कळतं की तो दिवसभर काय श्वासात घेत होता. लाकडाची धूळ माणसात कर्करोग करते, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली पहिल्या गटात घालून स्पष्ट सांगितलंय. आमच्या इथे पहिल्या खोक्याबरोबर दोन मास्क आणि कानावर लावायचे मफ आले, ते मी खुंटीला टांगले, आणि भावाला सांगितलं की हे घातल्याशिवाय किल्ली हातात घ्यायची नाही. या एका गोष्टीत त्याने वाद घातला नाही. त्यालाही तो खालचा माणूस आठवत असेल.

रात्री झोप लागेना. एक सूत, एक सूत, हेच डोक्यात. मग उठून कागद घेतला.

मी काय केलं, तर बाबांचा गुण्या, काटकोन बघायचं ते हत्यार, आठवला. नवा गुण्या घेतला की बाबा आधी त्याची परीक्षा घ्यायचे. सरळ कडेची फळी घ्यायची, गुण्या कडेला टेकवून एक रेघ मारायची, मग गुण्या उलटा करून त्याच जागेवरून दुसरी रेघ मारायची. गुण्या खरा असेल तर दोन्ही रेघा एकावर एक. खोटा असेल तर दोन रेघांमधे फाक पडते, आणि ती फाक गुण्यातल्या चुकीच्या दुप्पट असते. पाणसळीचंही तेच, फिरवून उलट्या तोंडाने ठेवायची, बुडबुडा तिथेच थांबला तर पाणसळ खरी. उलटल्यावर चूक दुप्पट होते. हे लहानपणी मी पन्नास वेळा पाहिलं होतं, पण ओंडक्यालाही ते लागू होईल असं कधी डोक्यात आलं नव्हतं. आता कागदावर मांडून बघितलं. हेड रुळावरून धावतं. रूळ मधे तीन मिलिमीटर खाली असेल तर हेडही तिथे तीन मिलिमीटर खाली जाणार आणि ब्लेडही. ओंडका मात्र ताठ, तो आजूबाजूच्या उंच बारांवर टेकून राहणार, रुळाबरोबर वाकणार नाही. म्हणजे पहिल्या कापाला ओंडक्याच्या पाठीवर मधे तीन मिलिमीटरचा खळगा. आता ओंडका उलटवला, ती कापलेली बाजू खाली गेली, दोन टोकांवर टेकली, मधे पोकळ. आणि वरून पुन्हा तोच काप, पुन्हा मधे तीन मिलिमीटर खाली. ठोकळा तयार झाला, टोकाला हवा तेवढा जाड आणि मधे सहा मिलिमीटरने बारीक. एका सुताचे दोन सूत.

पेन्सिल ठेवली आणि बराच वेळ बसून राहिले. चूक सापडल्याचं बरं वाटलं हे खरं, पण त्याहून जास्त हे वाटत होतं की हे मला आठ दिवसांपूर्वी कळायला हवं होतं, जमीन तयार करताना. तिथे मधल्या भागात भराव होता हे मला माहीत होतं. मी वरून चोपून घेतला आणि पुढे गेले, कारण खोकी उघडायची घाई होती.

या पट्ट्याच्या करवतीचं सगळं मोठेपण तिच्या बारीकपणात आहे, आणि म्हणूनच खालचा पाया असा सुतावर बघावा लागतो. ब्लेड जेमतेम १.१ मिलिमीटर जाड, ३२ मिलिमीटर रुंद. दात एक डावीकडे वाकवलेला, एक उजवीकडे, एक सरळ, असे धरून लाकडात जो काप पडतो तो अडीच मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे सुतापेक्षाही कमी. साखळी-करवतीने फळ्या पाडल्या तर एकेका कापात आठ मिलिमीटर लाकूड भुसा होऊन जातं. ३० सेंटिमीटर जाडीच्या ठोकळ्यातून २५ मिलिमीटरच्या फळ्या काढायच्या तर या ब्लेडने अकरा निघतात, साखळीने नऊ. दोन फळ्या. शिरीषासारख्या झाडाच्या दोन फळ्या भुशात जाऊ द्यायच्या नाहीत म्हणून तर मी हे यंत्र घेतलं. आणि जी वस्तू मी पट्टी-पट्टीने वाचवणार तीच रुळाच्या खळग्यात घालवायची, हे कसं चालेल? मधे सहा मिलिमीटरने बारीक झालेला ठोकळा सरळ करायचा म्हणजे रंध्याखाली तेवढं लाकूड घालवायचंच.

ब्लेडशी ओळख व्हायलाही मला दिवस लागले. ते तीन वेटोळ्यांत गुंडाळून, तारेने बांधून येतं. चार मीटरचा पोलादी पट्टा, जवळपास १८० दात, आणि स्प्रिंगसारखा ताण आत दाबून धरलेला. तार कापल्यावर ते हातातल्या हातात उसळून उघडतं, म्हणून जाड हातमोजे, चष्मा, हात लांब आणि आजूबाजूला कोणी नको. पहिल्यांदा सोडलं तेव्हा ते खणकन उघडलं आणि माझ्या पायापासून वीतभर अंतरावर येऊन थरथरत राहिलं, मी पूर्ण थंड पडले. नंतर बघते तर दातांची तोंडं उलट्या दिशेला. भावाला वाटलं चुकीचं ब्लेड पाठवलं, पण तसं नसतं, दोन्ही हातांनी धरून ते मोज्यासारखं आतलं बाहेर उलटवायचं, की दात बरोबर येतात. उलटवायचं, पुन्हा उलटवायचंच. मग चाकांवर चढवायचं, दातांमधल्या खाचा चाकाच्या कडेबाहेर थोड्या राहतील अशा, ताण द्यायचा आणि हाताने चाक फिरवून बघायचं, पुढे सरकतंय का, मागे सरकतंय का. पुढचे दोन रोलर ब्लेडला किंचित खाली दाबून धरतात, साधारण सहा मिलिमीटर, म्हणजे ते ताठ राहतं. इंजिन चालू असताना हाच पट्टा सेकंदाला पंचवीस मीटर पळतो, हजाराहून जास्त दात एका सेकंदात एका जागेवरून जातात. त्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, कधीच नाही, तुटला तर तो कुठे जाईल ते कोणी सांगू शकत नाही.

त्या पट्ट्यावर एक जागा आहे जिथे तो जोडलेला आहे. हातमोजा काढून, दातांच्या उलट्या कडेने बोट फिरवलं की ती जागा कळते, रंग थोडा निळसर, पृष्ठभाग किंचित वेगळा गुळगुळीत. त्या जोडावरच या करवतीचा सगळा इतिहास अडून बसला होता. विल्यम न्यूबेरीने १८०९ च्या सुमाराला इंग्लंडमधे पट्ट्याच्या करवतीचं पेटंट घेतलं, कल्पना पूर्ण होती, पण जोड टिकायचा नाही, पट्टा वाकून वाकून तिथेच तुटायचा. अ‍ॅन पोलिन क्रेपिन या फ्रेंच बाईने १८४६ मधे टिकाऊ जोडाची रीत काढली आणि मग ही करवत खऱ्या अर्थाने चालायला लागली. मधे जवळपास चाळीस वर्षं गेली. मला त्या बाईबद्दल फार आपलेपणा वाटतो. जिथे बाकीचे हात टेकतात त्या अंगठ्याएवढ्या जागेवर ती बसून राहिली असेल, तापव, थंड कर, वाकवून बघ, तुटलं, पुन्हा. रोज ब्लेड चढवताना मी तो जोड आधी बघते, चीर नाही ना म्हणून. आणि तिची आठवण काढते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भावाला कागद दाखवला. त्याने ओंडक्याचं चित्र बोटाने उलटवून बघितलं, मग म्हणाला, "म्हणजे सहा?" मी म्हटलं, "सहा." तो कुदळ घेऊन आला.

मधल्या जोडाखालचे दोन्ही पाय सोडवले, दोन्हीकडचे बोल्ट सैल केले, आणि भराव काढत गेलो. गुडघाभर खाली गेल्यावर कुदळीचा आवाज बदलला, धप्प जाऊन टण्ण आला, मुरूम लागला. मऊ मातीत कुदळ शिरते तेव्हा हातांना काही कळवत नाही, घट्ट जमिनीवर ती मनगटापर्यंत बोलते. खड्डा मुरुमानेच थराथराने भरला, प्रत्येक थराला पाणी मारून चोपलं, वर काँक्रीटचे दोन रुंद ठोकळे बसवले आणि त्यांच्यावर पाय. मग पायांचे स्क्रू फिरवत फिरवत रूळ वर आणला. दोरी एकदा ह्या रुळावर, एकदा त्या रुळावर. दोन्ही रूळ सरळ आले म्हणून झालं नाही, एकमेकांशी पिळलेले असू शकतात, म्हणून मग चारही कोपऱ्यांवर सारखे ठोकळे ठेवून दोन दोऱ्या तिरक्या ताणायच्या, गुणिलेच्या खुणेसारख्या, आणि त्या मधोमध एकमेकींना नुसत्या टेकल्या पाहिजेत. आधी फट होती, मग एक दुसरीला दाबायला लागली, मग पुन्हा फट. दुपार त्यातच गेली. भाऊ एका कोपऱ्यावर पाना घेऊन, मी मधे डोकं जमिनीला लावून. "पाव आटा वर." "थांब." "अजून जरा." "बस, बस." हेडही ढकलत नेऊन प्रत्येक बारापाशी ब्लेडपर्यंतचं अंतर मोजलं, ते सगळीकडे सारखं आलं तेव्हा अंधार पडला होता.

त्या संध्याकाळी आम्ही फळ्या रचायची जागाही आखून घेतली. मला हे मनापासून वाटतं की फळी कुठे ठेवायची ते ठरल्याशिवाय पहिला काप घेऊच नये. ओली फळी जमिनीवर नुसती टाकली तर दोन दिवसांत ती वाकते, आठवड्यात बुरशी धरते. खाली सरळ बैठक हवी, दोन थरांमधे सुकी पट्टी हवी, वीस मिलिमीटर जाडीची, दर हातभर अंतरावर एक, आणि खालपासून वरपर्यंत पट्ट्या एकाच रेषेत यायला हव्यात, नाहीतर वरचं वजन मधे पडून फळी तिथेच वाकलेली सुकते आणि मग ती कायमची तशीच. इंचभर जाडीला एक वर्ष असा जुना अंदाज आहे. म्हणजे आज चुकीच्या बैठकीवर रचलेली फळी वर्षभर रोज थोडी थोडी चुकीच्या आकारात मुरत जाणार. तिथेही दोरी ताणली. भाऊच म्हणाला, "इथे पण बघून घेऊ."

आज सकाळी सरावाचा ओंडका चढवला. शिरीष नाही, त्याच्याशेजारी पडलेला एक मऊ, बारका ओंडका, २८ सेंटिमीटरचा, तीन मीटर लांब, मुद्दाम मधल्या जोडावर बरोबर मधे येईल असा. त्याआधी तळव्याने चाचपून खिळा-तार आहे का ते पाहिलं, मेटल डिटेक्टर फिरवला. जुन्या झाडांत काय काय निघतं, एकदा एका ओंडक्यात मला सालीवर काहीच दिसलं नव्हतं, आत चार बोटं खोल निळं-काळं वर्तुळ आणि त्यात गंजलेला खिळा, लाकडातलं टॅनिन आणि लोखंड मिळून तो डाग पसरत गेलेला. झाडाने तो खिळा गिळून त्यावर किती वलयं घातली होती. शेंड्याकडचं टोक पाचर घालून थोडं उचललं, गाभा बारांशी समांतर यावा म्हणून. मोठ्याला तेच करायचंय, ६० आणि ५२ मधे आठचा फरक, म्हणजे शेंडा चार सेंटिमीटर वर. ते मी ओंडक्याच्या टोकावर खडूने लिहून ठेवलंय.

मास्क, मफ, चष्मा. ब्लेडवर पाण्याची धार सोडली, त्यात किंचित साबण, चीक चिकटू नये म्हणून. भावाने दोरी ओढली, इंजिन दुसऱ्या ओढीला सुरू झालं. मी हेड ढकललं. आणि सांगते, आठ दिवस ज्याचा विचार केला होता त्यातलं काहीच तसं नव्हतं. मला वाटलं होतं जोर लागेल. जोर लागत नाही, जोर लावायचाच नसतो. हेड आपण ढकलत नाही, आवाजाच्या मागे मागे चालतो. ब्लेड लाकडात शिरलं की इंजिनाचा सूर जरा खाली येतो, तो तिथेच राहिला पाहिजे. घाई केली की सूर अजून पडतो आणि ब्लेड वर-खाली भटकायला लागतं, फळीवर लाटा येतात. गाठीपाशी तो बदलला, मी हळू झाले, गाठ संपली, तो पुन्हा मोकळा झाला. मफ घातले असूनही हे सगळं तळहातांत ऐकू येत होतं. ओलसर भुशाची धार एका बाजूला पडत होती, पिवळी, गरम. सालीसकट पहिली कड सुटली आणि भावाने ती उचलली. खालचं लाकूड ओलं चमकत होतं. त्यावर हात ठेवल्याशिवाय राहवेना. इंजिन बंद केलं, ब्लेड थांबेपर्यंत उभी राहिले आणि मग हात ठेवला.

"उलटव," भाऊ म्हणाला.

पहारीने लोटून दोघांनी तो १८० अंशात फिरवला. दुसरा काप घेतला. मग मोजपट्टी. ह्या टोकाला १८१ मिलिमीटर. त्या टोकाला १८१. मधे वाकून भावाने वाचलं, पुन्हा वाचलं. "एकशे ऐंशी."

एक मिलिमीटर. उलटल्यावर दुप्पट होतं म्हणजे रुळात अर्धा. वजन पडल्यावर नवी बैठक किंचित दबली असणार, दबणारच होती, पहिल्या ओंडक्याने ती दबते म्हणूनच तर आधी बारका घेतला. अर्ध्या मिलिमीटरवर कोणी काही म्हणणार नाही, मीही म्हटलं नसतं. पण वर ७०० किलोचा शिरीष चढायचा होता आणि तो एकदाच उघडता येतो. टोकावरची ती केसाएवढी चीर सकाळी नखाला कालच्यापेक्षा जरा जास्त लागली होती, हेही मनात होतंच. एकीकडे तो शिरीष ओढत होता, एकीकडे हे अर्धं.

मी ब्लेडचा ताण सैल केला. काम थांबलं की तो सैल करायचाच असतो, नाहीतर थंड होताना पट्टा आक्रसतो आणि जोडावर, चाकांवर नको तेवढा भार राहतो. किती फेरे सोडले ते मोजले, आणि "ताण सैल आहे" असं लिहिलेला पुठ्ठा किल्लीला अडकवला. मग पिशवीतून ठोकळे काढले आणि दोरीची फिरकी. भावाला काही सांगायला म्हणून मान वर केली.

तो पलीकडच्या टोकाला आधीच जाऊन बसला होता, ठोकळा रुळावर ठेवून, अंगठा दोरीसाठी वर धरून.